नरंदे एस., मगदूम एस.

बढतीच्या अर्जाचा शेवटचा दिवस.
खिडकीबाहेर विद्यापीठाचे मोर
कुणाच्याही शिफारशीशिवाय ओरडताहेत.
पडद्यावर एक चौकट उघडते, विचारते:
या दोन व्यक्ती एकच आहेत का?

पहिली, नरंदे एस.
सात शोधनिबंध, निर्देशांक पाच.
चौऱ्याण्णवनंतर ती कुठेच सापडत नाही.
यंत्राला वाटतं, वारली असावी.
दुसरी, मगदूम एस.
सत्त्याण्णवला उगवली ती थेट उंदराच्या यकृतातून,
मागे ना गुरू, ना घराणं.
तेवीस निबंध, निर्देशांक सहा.

मधली तीन वर्षं कुणाच्याच नावावर नाहीत.
शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर,
सासऱ्यांची वही मी लिहायचे.
किती रवे आले, किती ओलसर निघाले,
पदराला मुंगळे.
रात्री लेकाला पाजताना पुटपुटायचे
ग्लुकोजपासून पायरुवेटपर्यंतच्या दहा पायऱ्या.
एखादी चुकली की पुन्हा पहिल्यापासून.
सासूबाईंना वाटायचं, सून स्तोत्र म्हणते.

पेशी विभागत नसते तेव्हा
सूक्ष्मदर्शकाखाली अगदी रिकामटेकडी दिसते.
तिच्या चुलीचा खर्च मात्र थांबत नाही.
हे मी पुढे एका निबंधात लिहिलं.
चौघांनी त्याचा दाखला दिला,
त्यांतली एक मीच.

सगळ्यांत जास्त उद्धरणं नरंदेबाईंची, त्रेसष्ट, एकाच निबंधाला:
तालमीतल्या चौदा पैलवानांचं रक्त,
कुस्तीआधी आणि कुस्तीनंतर.
बर्फाचा थर्मास सायकलच्या हँडलला लटकवून
गंगावेशीतून सागरमाळ चढायचे,
पोटऱ्यांत माझंही लॅक्टिक आम्ल,
ते कुणी मोजलं नाही.
त्रेसष्टांतल्या एकोणचाळीस जणांना
फक्त थर्मासची पद्धत हवी होती.
दोघांनी नाव चुकवलं.
एकाने मला खोटं पाडायलाच बोलावलं होतं,
तेही बेरजेत धरलंय.
मोजणाऱ्याच्या काट्यावर शिवी आणि शाबासकी
सारख्याच भरतात.
आपल्या गावात तरी वेगळं काय,
कुळाचा उद्धार दोन्ही रीतींनी होतो.

निबंधात ते चौदा म्हणजे 'एन बरोबर चौदा'.
नववा नमुना, दत्तू शिणगारे,
आता दूधकट्ट्यावर म्हैस घेऊन उभा असतो.
कान तसेच मोडलेले, पोट सुटलेलं.
दिसले की हाक मारतो,
"बाई, आमचं रगात अजून वाचत्यात न्हवं?"
व्हय, म्हणते. परवाच कोरियात वाचलं.
"कोरियात!" तो म्हशीला सांगतो.
फेसाळ ग्लास पुढे करतो
आणि पैशाचं नाव काढलं की
खरंच चिडतो.

चौकट अजून थांबलेली आहे.
उपासमार झाली की पेशीतल्या तंतुकणिका
एकमेकींना जोडून घेतात,
लांबच लांब दोरे होतात त्यांचे,
आणि कुणी कुणाला
माहेरचं नाव विचारत नाही.
हे इतरांचं संशोधन आहे, माझं नाही.
मी फक्त पाहिलंय, एकदा, पहाटे चारला,
वीज जायच्या आधी.

'होय' दाबते.
पाच आणि सहा अकरा होत नाहीत,
आठ होतात.
अर्जाला दहा लागतात.
मी पुन्हा मोजते,
गुळाच्या वहीत बेरीज चुकली की मोजायचे तशी,
खालून वर.
आठच.

लगेच दुसरी चौकट:
मुख्य नाव निवडा. दुसरं यापुढे दिसणार नाही.

पलीकडच्या खोलीत उणे ऐंशीच्या शीतपेटीचं दार
कुणीतरी नीट लावलेलं नाही,
टीं टीं वाजतंय.
आधी ते बघून येते.