सहाव्या दिवसाचा रकाना

गाय किती खाते हे गायीला विचारता येत नाही,
म्हणून आम्ही गव्हाणीला विचारतो.
सकाळी टाकलं ते तोललं: पॅरा गवत तीस किलो,
कडब्याची कुट्टी चार, सरकी पेंड तीन.
दुसऱ्या सकाळी उरलेलं वेचलं, झटकलं, तोललं.
वजाबाकी म्हणजे भूक.
पण गवतात पाणी किती, ते ओव्हनलाच ठाऊक.
रात्रभर तापून मुठीची चिमूट होते
तेव्हा कळतं, आपण काय तोलत होतो.

एकशे चौदा नंबरची गाय, संकरित,
कपाळावर फाटक्या नकाशासारखा पांढरा डाग.
सात दिवस, सात रात्री
तिच्या मागे फावडं घेऊन घाटाळमामा आणि मी.
तिने शेपूट उचलली की आम्ही उठतो.
मूत निराळं, शेण निराळं, शिंतोडासुद्धा वाया नको.
आई फोनवर विचारते, काय शिकतेस गं तिथे?
मी म्हणते, हिशेब.

आरेच्या या गोठ्यात रात्री
लांबून हायवेची घरघर येते.
जवळून रवंथ.
एका घासाला बावन्न वेळा. मी मोजलंय,
कोणी सांगितलं नव्हतं तरी.

सहाव्या दिवशी शेण भरलं सतरा किलो.
रोज पंचवीस, सव्वीस. त्या दिवशी सतरा.
खाणं तेवढंच.
कागदावर गाय एकाएकी हुशार झाली:
शंभरातले त्र्याहत्तर पचवले!
कुलाबकर मॅडमनी चष्मा कपाळावर नेला.
"या चाऱ्यावर? शेण काय चालत गेलं?"

चालतच गेलं होतं.
घाटाळमामा फावड्याच्या दांड्याशी बोलल्यासारखे म्हणाले,
पहाटे डोळा लागला माझा.
पाड्यावरची कमळी हाडळ आली, पाटी घेऊन.
सून बाळंत होऊन आज घरी येणार,
उखणलेल्या भुईवर कशी निजवायची?
मी डोळा उघडला बाई.
मग परत मिटला.

संध्याकाळी मी पाड्यावर गेले, रागावूनच.
भुई हिरवट, बोटांच्या कमानी एकीत एक,
कोपऱ्यात अजून ओल.
बाळ झोळीत. मुठी वळलेल्या.
कमळीबाई म्हणाल्या, तुझ्या गायीचं शेण चांगलं गं,
चिकटून बसतं. पेंड जास्त झाली की पातळ होतं.
पण काड्या लांब राहतात त्यात.
दाढा झिजल्यात का तिच्या?

मी परत येऊन बॅटरीच्या उजेडात
एकशे चौदाचा जबडा उघडला.
उजवीकडची मागची दाढ,
बाईंनी बोटांनी वाचलेली.

मॅडम म्हणाल्या, दुसरी वाट आहे.
गवताच्या पात्यात वाळूचा अंश असतो,
तो गायीला पचत नाही, आम्लाला विरघळत नाही,
जेवढा आत जातो तेवढाच बाहेर येतो.
तो साक्षीदार धर, मूठभर शेणही पुरे.
उरलेल्या सतरा किलोंतली मूठ मी जाळली,
राख उकळली, गाळली, पुन्हा जाळली.
तळाशी राहिली करड्या धुळीची रेघ.
तिने सांगितलं: एकसष्ट.
गाय पुन्हा गाय झाली.

(भुईचा नमुना घेता आला नसता.
माती सगळी वाळूच,
तिथे खोटी साक्ष खरीत मिसळलेली.)

मॅडमनी सांगितलं, सहाव्या दिवशीचं वजन धरू नकोस,
रकाना रिकामा ठेव, शेरा लिही.
मागच्या वह्यांत शेरे आहेत:
सांडले. तुडवले. पावसाने वाहिले.
मी पेन बराच वेळ धरून बसले.
मग लिहिलं:
अंदाजे आठ किलो, सारवणास गेले.

सातव्या पहाटे मामा जागे होते, मीही.
पाड्याकडून कोणाचं तरी रडणं आलं,
भुकेचं, नव्याकोऱ्या गळ्याचं.
एकशे चौदाने घास अर्ध्यात थांबवला, कान वळवला,
आणि शेपूट उचलली.