दांडकं

सिंगूच्या वर, जिथे इरावती वळता वळता पसरते,
ऊ चिट फ्वे नावेच्या काठावर दांडकं वाजवतो.
टक. टक टक.
मग घशातून एक आवाज, कोंबड्यांना बोलवावं तसा.

पाणी दुधाच्या चहासारखं, आतलं काही दिसत नाही.
वाळूच्या बेटावर चक्रवाकांची जोडी;
रात्रीचा विरह आपल्या पोथ्यांतला,
इथे दोघं चिखल उपसण्यात दंग.
टिटवी कुणावर तरी चिडलेली.

आणि फुस्स.
करडं, बोथट डोकं. पाठीवरच्या पराला खाच.
"आली," तो म्हणतो. नाव घेत नाही,
घरातल्या थोरलीचं घेत नाहीत तसं.

ती मासे हाकत आणते,
शेपूट एकदाच उभं करते: इथे.
जाळं हवेत फुलतं आणि पडतं.
गोंधळून बाहेर उडालेले तिचे,
आतले याचे.
ही वाटणी कुणी ठरवली, मी विचारलं.
"आजोबांनाही माहीत नव्हतं."

मागच्या थंडीत तिघी येत.

परतताना, जाळं गुंडाळून झाल्यावर,
तो पुन्हा वाजवतो.
टक. टक टक.
आता मासे नकोत.
नुसतं, आहेस ना?