अनोळखी उपकरण

कुताइसीत, रिओनीच्या पांढऱ्या दगडांच्या वरच्या अंगाला
त्सिआलाची पावाची भट्टी. तिनं नोदारीला बोलावलं
कारण कार्डाच्या यंत्रावर सकाळपासून नुसतं चक्र फिरत होतं
आणि गिऱ्हाइकं गरम शोती काखेत धरून खोळंबली होती.

राउटर सापडला पोत्यामागे.
अंगावर पिठाचा थर, पोटाला कारखान्याचं लेबल:
नाव ॲडमिन, पासवर्डही ॲडमिन.
सहा वर्षं कुणी हात लावला नव्हता.
"खिडक्यांना गज बसवलेत," तो म्हणाला,
"मांजर शिरेल म्हणून धुराड्याला जाळीसुद्धा."
दार उघडं आणि मोरीला बोळा –
हे त्यांच्या भाषेत कसं म्हणतात मला ठाऊक नाही,
पण त्सिआलाचा चेहरा पाहून वाटलं, म्हणत असावेत.

भिंतीला कान असतात, हे जुनं झालं.
आता भिंतीला तोंड फुटलंय.
वीतभर विटांतून, वाळत घातलेल्या चादरींतून
ती दिवसभर बडबडते,
कुणी किती पाव नेले, कोणत्या कार्डावर,
पलीकडे गाडीत बसलेल्या कुणालाही
फुकट ऐकू जाईल अशी.

नोदारीनं यादी उघडली.
कार्डाचं यंत्र. त्सिआलाचा फोन. भाच्याचा टीव्ही.
आणि एक बिननावाचं,
रात्री नऊला येणारं, साडेनऊला जाणारं,
तीन महिने, एकही खाडा नाही.
"चोर," त्सिआला म्हणाली.
"चोर इतका वक्तशीर नसतो," नोदारी म्हणाला,
पण तेवढं म्हणून त्यानं सगळं पुसलंच.
लेबलावरचा शब्द गेला, जुनं कुलूप गेलं,
बटण दाबून आत घेणारी चोरवाट बंद झाली.
मग त्यानं चार शब्द मागितले,
एकमेकांची ओळखदेख नसलेले.
तीन तिला लगेच सुचले.
चौथ्यासाठी ती भट्टीत डोकावून आली.

नऊ वाजले. नोदारी उंबऱ्यात पैसे मोजत होता.
कोपऱ्यावरचा ओतिया आला, बूट शिवणारा.
खिडकीच्या कट्ट्यावर त्यानं फोन टेकवला,
दोन पावलं मागे सरला, बोटांचा डिंक विजारीला पुसला
आणि हात वर करून थांबला.

ओतियाला जन्मापासून ऐकू येत नाही.

फोनवर चक्र.
थेसालोनिकीत त्याची मुलगी, परक्या म्हातारीला
औषधं देऊन, दिवा मंद करून बसलेली,
तिच्याही हातात तेच चक्र असणार.
त्सिआलाला वाटायचं, हा माणूस डास हाकलतो.
आज ते हात हवेत अडकले
तेव्हा तिला कळलं की ते बोलायचे.

"आता?" तिनं विचारलं.
"पाहुण्यांची वाट वेगळी काढता येते," नोदारी म्हणाला.
"ओसरीपर्यंत यायचं. माजघर दिसत नाही,
गल्ला दिसत नाही, तुमचं यंत्र तर नाहीच नाही."
"येत होतं तर आधीच का नाही केलंस?"
यावर त्याच्याकडे काही नव्हतं.
कुलूप मागितलं, कुलूप दिलं.
खाली मान घालून तो पुन्हा पोत्यामागे बसला.

पाव गुंडाळायच्या कागदावर त्सिआलानं
नवा शब्द लिहिला, ठळक, पाटीवर लिहितात तसा,
आणि सोबत आपला उसवलेला बूट घेऊन गेली.
"फुकट नाही हं!" ती ओरडली,
मग आठवलं, तशी जीभ चावून
बुटाचा तळवा त्याच्या नाकासमोर धरला.
ओतिया हसला. एक अक्षर चुकलं,
दुसऱ्यांदा तेच चुकलं, तिसऱ्यांदा चेहरा आला.

मुलीचे हात आधीच सुरू होते,
भराभर, कपाळाला आठ्या घालून.
सव्वीस मिनिटं उशीर – असंच काही असावं.
ती भाषाही मला येत नाही.