नकाशाची अक्कलदाढ

दवाखान्याच्या भिंतीवर नॉर्वेचा नकाशा आहे,
किनारा सगळा दातेरी.
मुलं खुर्चीत बसली की आधी तिकडेच बघतात.
मी सांगते : हे खाली ओस्लो, हे बर्गन, पुढचे दात,
हसताना दिसतात, रोज घासले जातात.
आणि आपण इथे, वर, पार कोपऱ्यात,
जिथे ब्रश पोचत नाही.
बॉट्सफ्योर्ड. अक्कलदाढ.

अक्कलदाढेला हात घालायचा तर पैसे जास्त पडतात,
हे सरकारलाही कळतं.
म्हणून परीक्षा होऊन जेमतेम अकरा महिने झालेल्या मला
जेवढं मिळतं
तेवढं स्कोगनसरांना
एकतीस वर्षं बर्गनच्या पावसात सायकल मारूनही मिळत नाही.
शिवाय शिक्षणाचं कर्ज इथे दरवर्षी थोडं थोडं झडतं,
दुधाच्या दातासारखं, न दुखता.

पहिली पगारचिठ्ठी मी तीनदा वाचली.
दुपारचे दोन वाजले होते, दिवा लावावा लागला.
इथला काळोख नोव्हेंबरात येतो,
बूट काढून ऐसपैस बसतो
आणि निम्मा जानेवारी सरला तरी उठायचं नाव घेत नाही.
त्याचे पैसे आकड्यात धरलेले असावेत.
वाऱ्याचे वेगळे. न उतरणाऱ्या विमानाचे वेगळे.
रविवारी ज्याच्या दारात सहज जावं
असं एकही दार नाही, त्याचे किती,
तो रकाना मला सापडला नाही.

फेब्रुवारीत मासळीच्या कारखान्यातला एगिदियुस आला,
गाल पावासारखा फुगलेला.
खालची दाढ, आडवी, मुळं गळासारखी वळलेली.
शस्त्रक्रियेचे डॉक्टर किर्केनेसला, मधला रस्ता बर्फाखाली.
पुस्तकात हे पान होतं.
पण पुस्तकातलं तोंड थरथरत नाही,
लिथुआनियन भाषेत आईला हाक मारत नाही.
मी फोन स्पीकरवर टाकला.

"इंगविल्ड," सर म्हणाले, "घाई कुणाला आहे?
ओढू नकोस. दाढेचे दोन तुकडे कर.
आता थांब.
आता श्वास घे. तो नाही, तू."
एक तास दहा मिनिटं.
मागे त्यांच्या स्वयंपाकघरात कुणीतरी भांडी विसळत होतं.

दाढ निघाली. एगिदियुस कापूस चावत हसला.
सरांनी सहज विचारलं, किती देतात गं तिकडे?
मी आकडा सांगितला.
भांडीही क्षणभर थांबली असं वाटलं.
मग ते हसले, फोनमधून दात दिसावेत असे.

म्हणजे चणे माझ्या ताटात
आणि दात त्यांच्या तोंडात.

त्या तासाचं बिल त्यांनी कुणालाच लावलं नाही.
मी दोन किलो सुका कॉड पाठवला.
उलट टपाली कळवलं : चव छान, चावायला कठीण.

आज टेबलावर एक पत्र आहे.
आणखी दोन वर्षं राहिलात तर इतके वाढवू.
सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली.
आणि खुर्चीत हागबार्ट, एक्क्याऐंशी वर्षांचा,
जन्म बोटीवर गेला, आता बोटीला रंग देतो.
ओठ बोटाने बाजूला ओढून तो ओळख करून देतो :

"ही चांदी, डेन्मार्कचा पोरगा, एक हिवाळा.
हे पांढरं, स्वीडनची बाई, हात हलका, नवरा कंटाळला.
ह्याचं नाव विसरलो, काम टिकलंय.
ही टोपी…"

सात दाढा, सात हस्ताक्षरं.
लॉजच्या नोंदवहीसारखं तोंड,
आल्याची तारीख आहे, गेल्याचीही आहे.

"वरची डावी अजून कोरी," तो म्हणतो,
"लिही तुला काय लिहायचं ते.
एवढंच सांग,
हे सैल झालं तर दाखवायला
मी कुणाकडे यायचं?"

मी दिवा खाली ओढला.
"आ करा," म्हणाले.
"अजून मोठा."