म्हणे

मी ठाण्याची, असं सांगितलं की पूर्वी
समोरचा डोक्याशी बोट फिरवायचा.
ठाणे म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, एवढंच.
आमचे तलाव कोणाला आठवायचे नाहीत.
मग मीच आधी सांगायला लागले,
"हो, तिथलीच. सुट्टीवर आलेय."
लोक हसायचे. मी सुटायचे.

आता कॉव्हेंट्रीत आहे.
इंग्रजांना कोणाला वाळीत टाकायचं असेल,
त्याच्याशी अवाक्षर बोलायचं नसेल,
तर त्याला कॉव्हेंट्रीला पाठवलं म्हणतात.
कुठल्याशा लढाईतले कैदी इथे आणले होते, म्हणे,
आणि गावाने त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, म्हणे.
कैदी गेले, राजा गेला,
म्हणे तेवढं राहिलं.

नोकरी लागली तेव्हा लीड्सच्या मैत्रिणीने विचारलं,
"काय गुन्हा केलास?"

काम माझं कान तपासायचं.
काचेच्या खोलीत माणूस, कानांवर हेडफोन,
"आवाज आला की बटण दाबा."
बाहेर मी, आलेख काढत.

मंगळवारी मॉरिस पेग आले. वय ब्याऐंशी.
एकतीस वर्षं मोटारीच्या कारखान्यात,
पत्रा दाबणाऱ्या यंत्रापाशी.
तिथे ओठ वाचून बोलायचे,
घरी आले तरी ओरडायचे,
बायको म्हणायची, हळू, मुलं झोपलीत.
गप्प म्हणून नाव झालेल्या गावाने
आवाजानेच यांचे कान खाल्ले.

तरणे असताना समुद्रावर सहलीला गेले होते.
खानावळीच्या मालकिणीने विचारलं, कुठले?
यांनी सांगितलं.
तिने ओठांवर बोट ठेवलं
आणि आठवडाभर न बोलता चहा ओतला,
गंमत म्हणून.
"तेव्हापासून जाईन तिथे
मीच आधी बोट ठेवतो," मॉरिस म्हणाले.
"सोपं जातं."

मी माझं बोट
टेबलाखाली मुठीत धरलं.

चौकात पर्यटक घड्याळाखाली उभे राहतात.
तासाला घोड्यावरची नागडी बाई बाहेर येते,
वरच्या खिडकीत चोरून बघणारा.
ती खरंच निघाली होती का, कोण विचारतं.
मागे बसथांब्यावर सात भाषांत भांडण चाललेलं असतं,
ते फोटोत येत नाही.

यंत्र कानात बसवलं. सुरू केलं.
मॉरिस दचकले. "हे काय?"
तुमच्या कोटाची चेन.
"आणि हे?"
बाहेर बसलेली माणसं.
दोन सोमाली बायका, एक पोलिश बाप,
आमची ग्वेंडा प्रिंटरला शिव्या घालतेय.

बराच वेळ ऐकत राहिले,
तोंड थोडं उघडं.
मग हात वर नेऊन आवाज दोन घरं कमी केला.

"बाहेर कोणाला सांगू नका," म्हणाले.
"इथे बोलतात असं कळलं
तर सगळे इथेच यायचे."

दारात वळले, ओठांवर बोट ठेवलं.
मी डोक्याशी फिरवलं.
ठाणे कुठे, त्यांना काय माहीत.
तरी हसले.