सोंगाची शिवण

मॅकल्सफील्डला स्टेशनाजवळून वर चर्चकडे जायला
बरोबर एकशे आठ पायऱ्या आहेत.
पहिल्या आठवड्यात त्या मोजत चढले
आणि वर पोचून एकटीच हसले.
का, ते कुणी विचारलं नाही.

वस्त्रांचं कोठार मात्र खाली, कालव्याच्या अंगाला,
बंद पडलेल्या रेशीमगिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर.
पडदे ओढलेले, अठरा अंश,
आणि विनिफ्रेड ऑलरेनशॉ,
जी मार्चात निवृत्त होणार आहे
आणि तरीही दर मंगळवारी येईन म्हणून आत्ताच धमकावते.

पेटी एकतीस.
चिठ्ठी म्हणते : फॅन्सी ड्रेस, मेंढपाळीण, १८८७.
थिओडोरा ब्रॉडहर्स्ट, गिरणीमालकाची धाकटी,
हे घालून नाचाला गेली होती,
हातात रिबीन बांधलेली काठी
आणि मागे चाकांवरचं लाकडी कोकरू.
फोटो आहे. कोकरू स्थिर आहे, तीच हललीय.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही,
असं आपल्याकडे म्हणतात.
थिओडोराला ती अडचण नव्हती.
तिनं गरिबीचं आणलं,
बारा वार ब्रोकेडमध्ये.

अस्तर उलटलं, तर आत दुसराच झगा.
मानेपासून जमिनीपर्यंत सुटणाऱ्या रुंद चुण्या
कापून, दुमडून, पोलक्यात कोंबलेल्या.
जुन्या टाक्यांच्या भोकांची रांग,
मुंग्या निघून गेल्यावर उरलेल्या वाटेसारखी,
अजून शंभर वर्षं मागे जाणारी.
मूगहिरव्या रेशमावर डाळिंबाची फुलं :
बाहेरून ताकासारखी फिकी,
शिवणीच्या पोटात अजून ओली वाटावीत अशी.

कुणी मोडली असेल याची घडी?
वहीत नाव नाही.
थिओडोराची खापरपणजी असेल,
नाहीतर लिलावात स्वस्त मिळालेलं कुणाचं तरी.

शिवणारीचंही नाव नाही.
पण तिचा हात मला आता ओळखू येतो.
डावरी होती. टाके उलट्या अंगानं कललेले.
डाव्या बाहीपाशी लांबलांब, घाईचे,
मालकिणीनं गॅस बारीक केला असेल,
किंवा नाच उद्यावर आला असेल.
तरी कात्री लावताना तिनं एकही फूल कापलेलं नाही.
प्रत्येकाला वळसा घातलाय.
सरळ गेली असती तर अर्धा तास वाचला असता
आणि नाचात कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

विनिफ्रेड म्हणते, उसवू या.
‘मूळ झगा मिळेल. असे उरलेत किती?
सोंग उतरवू, अस्सल तेवढं ठेवू.’
बारीक कात्री माझ्याच हातात आहे.

पण विनिफ्रेड, अस्सल कुठलं?
ती पहिलीसुद्धा देवमाशाची हाडं कमरेला आवळून,
केसांना पीठ फासून,
दारातून आडवी होऊनच आत शिरत असणार.
ती काय स्वतःच्या अंगानं चालत होती?

काखेत दोन डाग आहेत,
एक तपकिरी, एक पिवळट,
एकावर एक, जरासे सरकलेले.
दोघींना उकडत होतं,
एवढंच मी खात्रीनं लिहू शकते.

शेवटी फक्त टाचणी काढली,
गळ्याच्या दुमडीत विसरलेली.
गंजून रेशमाला धरून बसली होती,
पाऊण तास गेला.
विनिफ्रेड बोलली नाही. दिवा धरून उभी राहिली.

फॉर्मवर ‘निर्माता’ या रकान्यात
मी लिहिलं : एक डावरी बाई.
वरचं ऑफिस ते खोडेल.
टाचणीच्या जागी भोक आहे, मोहरीएवढं,
कडेला गंजाचा रंग.
ते रफू करायचं नाही, असं ठरलं.