भेसळ

आमचं यंत्र तळघरात असतं.
धुरपताबाई खरात, परतूर, वय एकसष्ट.
डाव्या फुप्फुसातून यकृतात, तिथून खुब्याच्या हाडात.

लेझरच्या रेघेला धरून
मी त्यांच्या छातीवर शाईचे तीन ठिपके दिले.
कोपराखालच्या हिरव्या विंचवाकडे बघत त्या म्हणाल्या,
"ह्यो गोंदला तवा लई रडले होते.
तुझं बरंय, दुखत न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं होतं:
झोत एकाच गाठीवर, बाकीच्यांना हात लावायचा नाही.
सलाइनमधून जे औषध जाईल, ते स्वतः गाठीला मारत नाही,
रक्तातल्या राखणदारांची झापडं काढतं.
मुलगा मान हलवत राहिला. त्याला कळलं नव्हतं.

बाईंना कळलं.
अठ्ठावीस वर्षं जालन्याच्या बियाणे कंपनीच्या प्लॉटात
भेसळ काढण्यात गेली.
"नव्या बायांना साहेब काय शिकवायचा?
भेसळीचं एक ताट उपटायचा, बांधावर उभं चिरायचा,
पान बघा म्हणायचा, लव बघा, कणसाचं तोंड बघा.
एक नीट बघितलं की
अख्ख्या वावरात तसली दिसाया लागत्यात.
तवर काय, समदी आपलीच वाटत्यात."

जाड दार सरकतं.
आत त्या एकट्या, बाहेर पडद्यावर त्यांचा श्वास, खाली-वर.
यंत्र दोन मिनिटं गुरगुरतं.
दिसत काहीच नाही.

मधे अंगभर पुरळ उठलं, आतडी बिथरली,
औषध थांबवावं लागलं.
"नव्या बाया चांगली ताटंबी उपटत्यात गं," त्या म्हणाल्या,
"साहेब वरडला की थांबत्यात."

अकराव्या आठवड्याचा स्कॅन.
फुप्फुसातली आक्रसली, ते अपेक्षितच.
यकृतातली,
जिच्याकडे आम्ही यंत्राचं तोंडही कधी वळवलं नाही,
ती अर्ध्यावर.
खुब्यातली तशीच.

डॉक्टर "बघू" म्हणाले.
हा शब्द ते जपून वापरतात.
मी फिल्म पाकिटात घालत होते,
बाई चपला शोधत होत्या, साडेचारची परतूर गाडी गाठायची होती.
खुब्याचं काय, मीच विचारलं, उगाच.

"ती डोळ्यावर ऊन येतं त्या अंगाला असंल.
तिथली सुटतीच.
मग माघारी यायचं,
पाठीवर ऊन घिऊन."